इनटेक मॅनिफोल्ड बदलून गाडी खरंच पळते का?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे निफाडहून नाशिककडे निघालं की गाडीचा पिकअप जरा खुलल्यासारखा वाटतो. एप्रिलच्या दुपारी तीच गाडी त्याच रस्त्यावर मरगळलेली असते. हा भास नाही. निफाडला थंडीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो, उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो, आणि १० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा साधारण १० टक्क्यांनी दाट असते. म्हणजे सिलिंडरच्या तेवढ्याच जागेत १० टक्के जास्त ऑक्सिजन. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. अडतं ते हवेपाशी. इंजिनाची ताकद वाढवण्याचे बहुतेक उपाय शेवटी हवा जास्त कशी भरायची याचेच असतात, आणि इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरपर्यंत हवा नेणारा नळ्यांचा जोड, बदलणं हा त्यातलाच एक.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा साधारण ५-६ टक्के विरळ, त्यामुळे बिनटर्बोचं इंजिन इथे जवळपास तेवढीच ताकद कमी देतं. माहितीपत्रकातला बीएचपीचा, म्हणजे अश्वशक्तीचा, आकडा समुद्रसपाटीच्या आसपासच्या दाबाला धरून काढलेला असतो. गाडी मुंबईहून आणल्यापासून ‘उचलत नाही’ अशी तक्रार असेल तर त्यातला काही भाग या उंचीचा आहे आणि त्यावर कुठल्याही मॅनिफोल्डचा इलाज चालत नाही.

आता बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेला जाड पाइप थ्रॉटल बॉडीला येऊन मिळतो. ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी झडप ती हीच. तिच्यापुढे एक पोकळ पेटी असते, तिला प्लेनम म्हणतात. प्लेनममधून प्रत्येक सिलिंडरकडे एकेक नळी जाते, ती रनर. पेटी आणि नळ्या मिळून झाला इनटेक मॅनिफोल्ड. द्राक्षबागेत ठिबक केलेल्यांना ही रचना लगेच कळेल: सबमेन जाड, तिच्यातून निघालेल्या लॅटरल बारीक, आणि पहिल्या वेलीला जेवढं पाणी तेवढंच शेवटच्या वेलीला मिळायला हवं. सबमेन अपुरी पडली की टोकाच्या ओळी तहानलेल्या राहतात. मॅनिफोल्डमध्ये चौथ्या सिलिंडरला हवा कमी मिळाली तर त्रास आणखी वेगळा होतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरच्या एकत्र धुराची सरासरी बघतो आणि इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सगळ्यांना सारखंच पेट्रोल देतो. मग एका सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त होतं, दुसऱ्यात कमी पडतं, आणि सरासरी मात्र बरोबर दिसत राहते. मॅनिफोल्ड चांगला की वाईट हे पारखताना मी सगळ्यात आधी हे समान वाटप बघतो, बीएचपी नंतर.

ठिबकचा दाखला मात्र इथेच संपतो. ठिबकचं पाणी संथ वाहतं, मॅनिफोल्डमधली हवा झटक्याझटक्यानं धावते आणि थबकते. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा हवा ओढतो, आणि दर खेपेला इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहतो तो जेमतेम १२-१३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात ३०० सीसी जागा भरायची असते. ती पूर्ण भरत नाही, आणि किती भरते यावर इंजिनाची ताकद ठरते.

यात दोन गोष्टी मदतीला येतात. पहिली, हवेचं वजन. नळीतून वेगानं निघालेली हवा पिस्टन खाली पोचला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. म्हणूनच पिस्टन वर यायला लागल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच ठेवतात, आणि मागून रेटत आलेली हवा त्या वेळात आत शिरते. दुसरी गोष्ट म्हणजे दाबाची लाट. पिस्टन खाली जाताना व्हॉल्व्हपाशी दाब पडतो. ही कमी दाबाची लाट रनरमधून उलटी प्लेनमकडे जाते. तिथे मोकळी जागा लागताच ती परतते, आणि परतताना तिचं रूप पालटतं: गेलेली असते कमी दाबाची, येते जास्त दाबाची. ही परतलेली लाट व्हॉल्व्ह बंद होण्याच्या ऐन आधी पोचली तर जाता जाता आणखी थोडी हवा आत कोंबून देते. उशिरा पोचली तर बंद व्हॉल्व्हवर आदळून फुकट जाते.

आता हिशेब बघा. लाट आवाजाच्या वेगानं जाते, आपल्याकडच्या उबदार हवेत सेकंदाला साधारण ३५० मीटर. रनर आणि हेडमधला पोर्ट (रनरपासून व्हॉल्व्हपर्यंतची वाट) मिळून लांबी ४० सेंटिमीटर असेल तर जाऊन-येऊन ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २.३ मिलिसेकंद. ओढ सगळ्यात जोरात असते तिथपासून व्हॉल्व्ह मिटत येईपर्यंत क्रँक ढोबळमानानं पाव फेरा फिरतो. पाव फेऱ्याला ६००० आरपीएमला अडीच मिलिसेकंद लागतात, ३००० आरपीएमला पाच. म्हणजे ४० सेंटिमीटरची नळी ६००० च्या आसपास लाटेचा पुरेपूर फायदा देते. तोच फायदा ३००० ला हवा असेल तर नळी ८०-८५ सेंटिमीटर लागेल. हे खरोखरच ढोबळ गणित आहे, प्रत्यक्षात कॅमचा टायमिंग (व्हॉल्व्ह कधी उघडतात-मिटतात ते), प्लेनमचा आकार, नळीचा व्यास, सगळं मध्ये येतं. पण दिशा पक्की आहे: लांब नळी खालच्या आरपीएमला जोर देते, आखूड नळी वरच्या.

हे कागदावरचंच नाही. क्रायस्लरनं १९६० साली आपल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांना ३० इंची, म्हणजे ७६ सेंटिमीटर लांब रनर बसवले. त्यांचा सर्वाधिक टॉर्क २८०० आरपीएमला मिळायचा. मग त्यांनीच बाहेरून तसाच दिसणारा, पण आतली भिंत कापून नळीची परिणामकारक लांबी १५ इंच केलेला मॅनिफोल्ड काढला. त्या इंजिनाची अश्वशक्ती ३७५ वरून ४०० झाली, पण सर्वाधिक टॉर्क थोडा घटला आणि ३६०० आरपीएमला सरकला. त्यात इतरही बदल होते, सगळं श्रेय मॅनिफोल्डला देता येणार नाही. तरी कापलेल्या भिंतीनं ताकद कुठून उचलली आणि कुठे नेऊन ठेवली ते या आकड्यांत दिसतं. पुढे २००१ मध्ये बीएमडब्ल्यूनं सेव्हन सिरीजच्या व्ही-८ इंजिनात चालू गाडीत रनरची लांबी ६७३ मिलिमीटरपासून २३१ मिलिमीटरपर्यंत सलग बदलणारा मॅनिफोल्ड दिला, म्हणजे दोन्हीकडचा फायदा घेता यावा. साध्या गाड्यांत लांब आणि आखूड अशा दोनच वाटा ठेवून मध्ये एक झडप बसवतात.

म्हणून ‘हा मॅनिफोल्ड लावला की इतके बीएचपी वाढतात’ असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: किती आरपीएमला? बाजारात मिळणाऱ्या रेसिंग मॅनिफोल्डचे रनर बहुधा आखूड आणि जाड असतात. त्यांची वाढ ६००० च्या पुढे दिसते. तुमचा पाय तिथे किती वेळ असतो? नाशिक शहरात द्वारका ते सीबीएस या गर्दीत इंजिन २५०० च्या वर क्वचितच जातं. भरलेली गाडी घेऊन कसारा घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ३५०० चालतं. समृद्धीवर १२० ला टॉप गिअरमध्ये बहुतेक गाड्या चार हजारांच्या आतच असतात. ६५०० ला मिळणाऱ्या ताकदीसाठी ३००० चा टॉर्क दिला तर रोजच्या वापरात गाडी पहिल्यापेक्षा सुस्त होते, खर्च करून होते, आणि याचंच मला वाईट वाटतं. कंपनीनं दिलेली लांब, वळणदार प्लॅस्टिकची नळी दिसायला किरकोळ वाटते, पण ती आपल्यासारख्यांच्याच चालवण्याला धरून आखलेली असते.

व्यासाचंही तसंच. ३४ मिलिमीटरची नळी ४० मिलिमीटरची केली की तिचं क्षेत्रफळ ३८ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा ओढली जात असेल तर तिचा वेग २८ टक्क्यांनी पडतो, आणि तिच्यातला रेटा, जो व्हॉल्व्ह मिटेपर्यंत हवा आत ढकलत असतो, जवळजवळ निम्म्यावर येतो. मोठ्या थ्रॉटल बॉडीचं गौडबंगाल तर याहून सोपं आहे. ॲक्सिलरेटर केबलनं जोडलेल्या गाडीत पाय तेवढाच दाबला तरी झडप जास्त क्षेत्र उघडते, म्हणून गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. पूर्ण दाबल्यावर ताकद बहुधा तेवढीच निघते.

मग आपल्या गाडीची हवा खरंच अडते आहे का, हे कसं ओळखायचं? याला गाडी खोलावी लागत नाही. ओबीडीला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल पुरतो. स्विच ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि मॅप सेन्सरचा आकडा बघा. हा सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो, नाशिकला साधारण ९४ किलोपास्कल. मग मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम चढू द्या आणि शेजारी बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. चालवणाऱ्यानं मोबाइलकडे बघायचं नाही. बिनटर्बोच्या गाडीत वरच्या आरपीएमलाही आकडा ९२-९३ राहिला तर फिल्टरपासून प्लेनमपर्यंत वाट मोकळी आहे; तिथे पैसे घालून हाती काही लागणार नाही. ८७-८८ पर्यंत पडला तर अडथळा आहे: तुंबलेला फिल्टर, चेपलेला पाइप, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी, किंवा खरोखरच लहान झडप. रनर आणि पोर्ट प्लेनमच्या पुढे असल्यामुळे त्यांची परीक्षा यात होत नाही. पण निम्म्या तक्रारी इथेच निकालात निघतात.

त्याच स्कॅनरवर इनटेक हवेचं तापमान दिसतं. दर १० अंशांच्या वाढीला हवा सुमारे ३ टक्के विरळ होते. फिल्टरचा डबा काढून तिथे उघडा शंकूसारखा फिल्टर लावलेल्या गाड्यांत मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये हा आकडा कुठे जातो ते बघाच. आवाज भारी येतो, पण ओढली जाते ती बॉनेटखालची तापलेली हवा. मूळ डब्याचं तोंड ग्रिलच्या मागे थंड हवेत ठेवलेलं असतं, ते उगाच नाही.

फ्युएल ट्रिमचा, म्हणजे इसीयू ठरलेल्या पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ-घट करतो त्याचा, आकडाही बघून ठेवा. आयडलिंगला तो अधिक १५-२० टक्के आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल तर बहुधा मॅनिफोल्ड कुठूनतरी ‘हवा घेतोय’. पॅकिंग कडक झालेलं असतं किंवा एखादा व्हॅक्यूम पाइप तडकलेला असतो. आयडलिंग वरखाली होतं, बारीक फुसफुस ऐकू येते, चेक इंजिनचा दिवा लागून पी०१७१ हा कोड येतो. अशा गाडीला नवा मॅनिफोल्ड लावण्याआधी नवं पॅकिंग लावा.

डिझेलवाल्यांचं दुखणं निराळं आहे, आणि नाशिक जिल्ह्यात ते फार आहे. शहराला डिझेल इंजिनाची ओळख नवी नाही: सातपूरला महिंद्राचा कारखाना, बॉशचा म्हणजे जुन्या लोकांच्या मायकोचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना, इगतपुरीला महिंद्राची इंजिनं. पण इंजेक्टर ज्या बारकाईनं तपासला जातो त्याच्या दहाव्या हिश्शानंही मॅनिफोल्डकडे बघितलं जात नाही. डिझेल इंजिनात ईजीआर व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा काही भाग परत आत सोडतो, त्यानं ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. सोबत काजळी येते. दुसरीकडून क्रँककेसच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ येते. दोन्ही मॅनिफोल्डमध्ये भेटतात आणि थर धरतात. लाख-दीड लाख किलोमीटर फक्त शहरात फिरलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड सोडवून हेडकडच्या बाजूनं आत बघा: अंगठा जायला हवा तिथे करंगळी अडते, आणि थर असा चिवट की बोटानं पुसला तर नुसता पसरतो, स्क्रू-ड्रायव्हरची पाती घालून खरवडावा लागतो. चढावर काळा धूर आणि दम लागल्याची तक्रार असणाऱ्या अशा गाडीत साफसफाईच मोठा फरक पाडते, आणि त्यात कंपनीनं दिलेलीच ताकद परत मिळते.

साफ करताना दोन गोष्टींचा आग्रह धरा. मॅनिफोल्ड सोडवूनच साफ करायचा. इंजिनावर असताना खरवडला तर टणक कपच्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये पडतात. आणि ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवू देऊ नका. काजळी झपाट्यानं सुटते खरी, पण कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातं, आणि पॅकिंग बसतं तो सपाट पृष्ठभाग खडबडीत होतो. ‘ईजीआर बंदच करून टाकू’ हा सल्ला नम्रपणे नाकारा. त्यातून धुरातलं विष वाढतं आणि ते आपल्याच शहरात राहतं.

टर्बो गाड्यांत, पेट्रोल असो की डिझेल, मॅनिफोल्ड बदलणं यादीत अगदी शेवटी. तिथे हवा टर्बोच्या दाबानं कोंबलेली असते, लाटेचा वाटा लहान होतो. टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप आणि त्यांच्या क्लिपा आधी बघा.

एवढं सगळं होऊनही मॅनिफोल्ड बदलायला खरी कारणं असतात. कॅमशाफ्ट बदललेला असेल, हेडचं काम झालेलं असेल, गाडी ट्रॅकसाठी किंवा रॅलीसाठी असेल, तर कंपनीची नळी कमी पडते. नाशिकच्या मातीच्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. तिथे इंजिन वरच्या आरपीएमलाच ठेवलेलं असतं, हिशेबच वेगळा. इथे इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांना तर हा विषय मनापासून सुचवावासा वाटतो. ‘फॉर्म्युला भारत’सारख्या विद्यार्थी स्पर्धांत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून यावी लागते. त्या भोकात हवेनं आवाजाचा वेग गाठला की त्यापुढे कितीही ओढा, हवा वाढत नाही. मग उरतं ते प्लेनम केवढा ठेवायचा, रनर किती लांब, आणि मिळालेली हवा चौघांत सारखी कशी वाटायची. मॅनिफोल्ड शिकायला याहून चांगली शाळा नाही.

बसवायचाच ठरला तर धातूचा विचार करा. कंपनीचा मॅनिफोल्ड बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो: हलका, आतून गुळगुळीत, आणि उष्णता कमी पोचवणारा. ॲल्युमिनियमचा मजबूत, पण हेडची उष्णता तो हवेपर्यंत नेतो. घोटीहून आल्यावर त्याला हात लावून बघा, टिकणार नाही.

जोडावर रनर आणि पोर्ट तंतोतंत जुळतात का हे पॅकिंग ठेवून, खूण करून तपासायला हवं. पोर्टपेक्षा रनर मोठा असेल तर हवा सरळ भिंतीवर आदळते, हा दोष सगळ्यात वाईट. आतून आरशासारखं पॉलिश करून घेण्यात पैसे घालवू नका. जिथे इंजेक्टर पोर्टमध्ये पेट्रोल सोडतो तिथे किंचित खरखरीत पृष्ठभाग पेट्रोल साचू देत नाही. पॅकिंग नवं हवं, सिलिकॉनचा लपका नको, कारण आत दाबला गेलेला तुकडा कधीतरी सुटून व्हॉल्व्हकडे जातो. नट मधून सुरू करून कडेला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं आवळायचे. आणि ब्रेक बूस्टरचा पाइप स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधूनच मिळतो. तो जोड सैल राहिला तर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं, आणि ते कसारा उतरताना कळणं परवडणारं नाही.

इसीयूला हा बदल सांगावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या आत आलेली हवा थेट मोजत नाहीत. मॅप सेन्सरचा दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून, आत साठवलेल्या तक्त्यातून ती ठरवतात. तो तक्ता जुन्या मॅनिफोल्डचा असतो. हलक्या पायानं चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सावरून घेतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र अनेक गाड्यांत तक्त्यावरच भिस्त असते, आणि हवा वाढून पेट्रोल तेवढंच राहिलं तर इंजिन तापतं, ठोका द्यायला लागतं. म्हणून रिमॅपचा, म्हणजे हा तक्ता नव्यानं भरून घेण्याचा, खर्च आधीच हिशेबात धरा, आणि तुम्ही रोज भरता तेच ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल टाकीत असताना ट्यूनिंग करून घ्या. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे मिश्रणाचं प्रमाण वेगळं येतं.

कायद्याचंही विचारात घ्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. परवानगी नसलेल्या बदलांना कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि विम्याचे प्रश्न त्याशिवाय. रस्त्यावरच्या गाडीत काही बदलण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या.

काम देताना डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या मशिनचा, आलेख दोनदा मागा, जुन्या मॅनिफोल्डसह आणि नव्यासह, त्याच मशिनवर, त्याच गिअरमध्ये, आणि दोन्ही वेळचं हवेचं तापमान त्यावर लिहिलेलं. दोन्ही रेषा एकाच कागदावर काढून घ्या आणि नजर आधी २००० ते ४००० च्या पट्ट्यावर टाका. तिथे नवी रेषा जुन्याच्या खाली गेलेली असेल आणि गाडी रोज कामावर न्यायची असेल, तर जुना मॅनिफोल्ड परत बसवून घ्या.